डोळे मिटून भांडण्याची रीत

आमच्या वस्तीत देवाचे फार हाल होते. त्याला सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागे, आणि ऐकण्यासारखं त्यात फारच थोडं असे.

इंदापूरच्या बाहेर, बारामतीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आम्हा ख्रिस्ती लोकांची मूठभर घरं होती. मध्ये पत्र्याची एक इमारत. सोमवार ते शनिवार तिथं शाळा भरे आणि रविवारी तीच इमारत देऊळ होई. आमच्यात प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणत. माझे वडील त्या शाळेचे मास्तर. मी सातवीची फायनल पास होऊन त्यांच्या हाताखाली बिगारीच्या पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावत असे. एकोणीसशे तीसनंतरची ही वर्षं. कालव्याच्या पाण्यावर आसपास ऊस वाढत होता, आणि माझ्या लग्नाचं वय उलटून चाललं आहे असं माझ्याखेरीज सगळ्यांचं मत होतं.

दर बुधवारी दिवेलागणीला देवळात प्रार्थनासभा भरे. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची, शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं, मग पुढच्याची पाळी. नियम दोनच होते. प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही आणि आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. ज्या गोऱ्या साहेबानं हे नियम घालून दिले तो केव्हाच विलायतेला परत गेला होता. आपण मागं काय करून ठेवलं याची त्याला कल्पनाच नसणार. आमच्या माणसांना पाण्यावर, चुलीपाशी, बांधावर, कुठंही एक वाक्य धड पुरं करता येत नसे. निम्म्यावर आलं की दुसरा तोडायचा. देवापुढं मात्र शेवटपर्यंत बोलता येई. लोकांनी या सोयीचा पुरेपूर फायदा उठवला.

"हे स्वर्गीय पित्या," एक म्हातारी सुरू करायची, "माझ्या अंगणातील गोवऱ्या ज्याने नेल्या, त्या पाप्याला क्षमा कर. तो येथेच, खांबाला टेकून बसला आहे."

खांबाला टेकलेला माणूस डोळे मिटून मुकाट ऐकून घेई. मग त्याची पाळी आली की तो तितक्याच नम्रपणे म्हणे, "हे दयाळू प्रभू, वृद्धापकाळी ज्यांची दृष्टी अधू झाली आहे आणि ज्यांना स्वतःच्या गोवऱ्या मोजता येत नाहीत, त्यांच्यावर कृपा कर."

भाषा ही अशी. एरवी हाय-न्हाय करणारी माणसं देवाशी बोलताना एकदम साहेबाची मराठी बोलू लागत. साहेबाला ती पुण्याच्या कुणा शास्त्र्यानं शिकवलेली, साहेबानं ती आमच्या आजोबांना शिकवली आणि आम्ही ती देवाला ऐकवत होतो. देवाला आमची घरची बोली समजत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

आमेनमध्येही राजकारण होतं. आमेन म्हणजे 'तसंच होवो'. तेव्हा ज्याच्या प्रार्थनेला तुम्ही आमेन म्हणालात, त्याची बाजू तुम्ही घेतलीत. भांडण असेल तर समोरच्याच्या आमेनला ओठ घट्ट आवळून बसायचं. डोळे मिटलेले असूनही कोण म्हणालं आणि कोण नाही, हे प्रत्येकाला बिनचूक कळे.

या विद्येत माझी आई आणि माझी काकी यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका कालव्यावर पाटकरी होता. पाटाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम त्याच्याकडं. घरात मात्र त्याला काहीच सोडता किंवा बंद करता येत नसे. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि आई-काकी बोलत नव्हत्या. कारण एक कोंबडी.

त्याचं असं झालं. आमच्यात हंगामाचा सण असतो. पीक घरात आलं की ज्यानं-त्यानं आपलं काहीतरी देवळात आणून देवाला वाहायचं आणि शेवटी त्या वस्तूंचा लिलाव करायचा. त्या साली आईनं ठिपक्यांची एक कोंबडी वाहिली. ही कोंबडी आमच्या चुलीमागं झोपायची, आमच्या टोपलीत अंडी घालायची, आमच्या ताटांभोवती हिंडायची. फक्त ती काकीची होती. आईचं म्हणणं, पहाटेच्या अंधारात टोपलीखाली हात घातला आणि जी लागली ती उचलली. काकीला ती दिसली ती देवळात, भोपळा आणि ज्वारीची पाटी यांच्या मध्ये, आणि तोवर पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तिच्यावर हात ठेवून ती देवाला देऊनही टाकली होती. देवाला दिलेली वस्तू परत मागायची कशी? काकी लिलावात उभी राहिली, चढी बोली लावून तिनं आपलीच कोंबडी विकत घेतली आणि काखोटीला मारून घरी आणली. वर आईच्या दातृत्वाचं भर सभेत कौतुक झालं. त्या दिवसापासून अबोला.

अबोला म्हणजे गुरुवार ते मंगळवार. बुधवारी बोलणं चालू असे.

"हे प्रभू," आई म्हणे, "आमच्या जात्याचा खुंटा ज्यांच्या घरी गेला आहे त्यांना तो परत करण्याची सुबुद्धी दे."

"हे प्रभू," काकी म्हणे, "खुंटा कोनाड्यात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी न्यावा. आणि उद्या पाटाला पाणी सुटणार आहे, ज्यांची गोधडी धुवायची राहिली आहे त्यांना तू जागे कर."

आई दुसऱ्या दिवशी गोधडी घेऊन पाटावर जाई. त्यामुळं अबोल्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. देव निरोप्याचं काम चोख करत होता.

मग बारामतीला नवे पाळक आले. तरुण, किडकिडीत, अतिशय मनापासून सगळं करणारे. सायकलवरून इंदापूरला येत आणि धुळीनं पांढरे होऊन पोचत. पहिल्याच बुधवारी ते आमच्यात डोळे मिटून बसले. दोन-तीन प्रार्थना ऐकल्यावर त्यांना काहीतरी वेगळं वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे उघडले. मला हे ठाऊक आहे, कारण मीही उघडले होते. मी नेहमीच उघडे ठेवत असे. त्यांना दिसलं ते असं, की सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, पण जो प्रार्थना करतो आहे त्याचं तोंड बरोबर त्या माणसाकडं वळलं आहे ज्याच्याबद्दल तो देवाला सांगतो आहे.

रविवारी त्यांनी त्यावरच उपदेश केला. प्रार्थना शेजाऱ्याला ऐकू जावी म्हणून करायची नसते. मोठमोठे शब्द देवाला नकोत. खोलीत जा, दार लावून घ्या, आणि मनात खरंच जे असेल ते आकाशातल्या बापाला सांगा. तुम्हाला हे जमेपर्यंत बुधवारची सभा बंद.

उपदेश चांगला होता. अडचण एवढीच, की वस्तीत खोली कुणाकडंच नव्हती. घर म्हणजे एक खण, त्यात चूल, शेळी, पोरं आणि म्हातारी माणसं. दाराला गोणपाट. दार लागणारी खोली अख्ख्या वस्तीत एकच, देवळामागची अडगळीची, जिथं मोडके बाक आणि शाळेची घंटा ठेवत. झालं, तिथं रांग लागली. आत एकजण खरंखुरं मन मोकळं करतो आहे आणि बाहेर बाकीचे दाराला कान लावून उभे, अशी प्रार्थना आठवडाभर चालली. आधी निदान माणसं जपून बोलत असत. आता जे ऐकू येऊ लागलं त्यानं दोन सोयरिकी मोडायला आल्या.

काकाला रांगेचा कंटाळा आला. त्याला वाटलं, उसाचा फड म्हणजे देवानंच बांधलेली खोली. तो एका बागाईतदाराच्या फडात शिरला आणि गुडघे टेकून बसला. पाचट वाजलं तसा मालक धावत आला.

"कोन हाय रं तितं? काय करतुयास उसात?"

"प्रार्थना करतुया, तात्या."

"आन् हातात काय हाय?"

काकाच्या हातात ऊस होता. अर्धा सोललेला.

"देवासंगं बोलताना घसा कोरडा पडतूया," काका म्हणाला.

"पुढल्या बारीला तुज्या देवाला बांधावर बोलीव. आत नगं," तात्या म्हणाले आणि त्यांनी उरलेला ऊस काढून घेतला.

हे सगळं पाळकांच्या कानावर गेलं. त्यांनी हात टेकले आणि बुधवारची सभा पुन्हा सुरू केली. फक्त एक अट घातली, की प्रार्थनेत शेजाऱ्यापाजाऱ्याचा उल्लेख करायचा नाही. आमच्या माणसांनी ही अट इतक्या सहज पचवली की पाळकांना पत्ताही लागला नाही.

याच दिवसांत माझ्या लग्नाचं निघालं. मुलगा काकीच्या भावाचा. बारामती-इंदापूर मोटारीवर ड्रायव्हर. मिशी झोकदार, खाकी कोट, आणि वस्ती आली की तो उगीचच हॉर्न वाजवत असे. त्याच्यात वाईट असं काहीच नव्हतं. पण बारामतीच्या मिशनच्या मडमसाहेबांनी मला पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायचं कबूल केलं होतं. जागा धरून ठेवली होती आणि पावसाळ्याआधी हो की नाही कळवायचं होतं. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना अंदाज होता, पण वडील आईला भीत. आईनं तर ट्रेनिंग हा शब्दच ऐकला नव्हता अशा थाटात माझ्यासाठी लुगडं बघायला सुरुवात केली.

लग्नाची बोलणी कुठं होणार? बुधवारी, देवापुढं.

"हे प्रभू," आई म्हणे, "तुझी एक कन्या आहे. ती भाकरी पातळ थापते. तिला लिहितावाचता येते, परंतु त्याचा तिला गर्व नाही. तिच्याविषयी तुझ्या मनात काय आहे ते वेळेवर प्रकट कर."

"हे प्रभू," काकी म्हणे, "तुझा एक पुत्र आहे. तो यंत्र चालवितो. त्याला घट्ट वरण आवडते. त्याच्या घरच्यांना मानपानाची अपेक्षा नाही, परंतु आहेराची आहे."

नाव कुणाचं नाही, शेजाऱ्याचा उल्लेख नाही. पाळक समाधानानं मान डोलवत. बाकीची मंडळी डोळे मिटून इतकी रंगली होती, की एरवी कधी न येणारी माणसंही बुधवारी येऊ लागली.

मला आत राग खदखदत होता. सगळ्यात जास्त राग याचा, की मला आईचं मन दिसत होतं. तिला जावई नको होता. तिला काकी हवी होती. दोघी एका वयाच्या, एकदमच या वस्तीत सून म्हणून आलेल्या, एका जात्यावर दळलेल्या. हे लग्न झालं तर विहिणी म्हणून का होईना, त्यांना तोंडानं बोलावं लागलं असतं. स्वतःहून बोलायला आईचा ताठा आड येत होता, म्हणून ती मला मध्ये घालत होती. एका कोंबडीपायी मी ड्रायव्हरच्या घरी वरण घट्ट करत बसणार होते.

पाळकांचा उपदेश मी मनावर घेतला होता, कदाचित वस्तीत मी एकटीनंच. अडगळीच्या खोलीत जाऊन मी दार लावलं आणि घंटेशेजारी गुडघे टेकले. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," असं मी म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले. शब्द शुद्ध होते, पण ते साफ खोटं होतं. त्याच्या इच्छेप्रमाणे मला मुळीच नको होतं, माझ्या इच्छेप्रमाणे हवं होतं. एवढं साधं वाक्य मला बंद दाराआड, जिथं ऐकायला उंदरांशिवाय कुणी नव्हतं, तिथंही बोलता आलं नाही. मी तशीच उठून बाहेर आले.

साखरपुड्याची तारीख आणि मडमसाहेबांची मुदत दोन्ही जवळ आल्या, तो बुधवार. बाहेर उकाडा, पत्रा अजून तापलेला. पाळक आलेले. आईनं देवाला सांगितलं, की येत्या रविवारी काही शुभ ठरत असल्यास विघ्न येऊ देऊ नये. काकीनं सांगितलं, की साखरपुड्याला पाच माणसं येतील. मग माझी पाळी आली. मी सभेत नेहमी एक पाठ केलेली छोटी प्रार्थना म्हणत असे. तीच म्हणायला तोंड उघडलं.

"देवा," मी म्हणाले, आणि पुढचं पुस्तकी काही आठवेचना. "देवा, मला हे लगीन करायचं न्हाय. मला पुण्याला जायचंय, शिकाया. मला लई जायचंय. तुला म्हाईत हाय, पर मी कवा म्हनले न्हाय. आईला सांगायची माजी छाती न्हाय, म्हून तुला सांगतीया. ती हितंच बसलीया, तिला ऐकू जातंया, ते बी तुला म्हाईत हाय. मी गेले तर ती माज्याशी बोलायची न्हाय, जशी काकीशी बोलत न्हाय. मला त्याचं भ्या वाटतंया. तरी मला जायचंय. आमेन."

कुणीही आमेन म्हणालं नाही.

आमच्यात एकही आमेन न मिळालेल्या प्रार्थनेचं काय करावं हे कुणाला ठाऊकच नव्हतं, कारण तसं कधी झालं नव्हतं. डोळे उघडता येईनात. सगळी वस्ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. वडील खाकरले. पाळकांचे ओठ हलले, पण अट त्यांनीच घातलेली, आणि मी तर आईचा, काकीचा, सगळ्यांचा उल्लेख करून बसले होते. मी पहिल्यांदाच माझे डोळे गच्च मिटले. ही प्रार्थना होती की आईला सुनावणं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट सांगता येणार नाही. एवढं खरं, की तोवर देवाशी मी जे काही बोलले होते त्यात माझा स्वतःचा शब्द एकही नव्हता.

"आमेन."

काकीचा आवाज होता. तिच्या भाच्याला भर सभेत नाकारलं होतं, आणि आमेन ती म्हणाली होती.

आईला हे सहन होणं शक्यच नव्हतं. लेक हिची आणि आमेन जावेचं? तिनं असं दणकून आमेन म्हटलं की पाळक दचकले. मग वडील, काका, खांबाला टेकलेला माणूस, सगळेच आमेन म्हणाले. पुण्याला जायची परवानगी मला अशी मिळाली. ती कृपेनं मिळाली की चढाओढीनं, ते देवाला ठाऊक.

काकीला मी नंतर विचारलं, तू आमेन कसं म्हणालीस? ती निखाऱ्यावर वांगं भाजत होती. "माजा भाचा मला चांगला ठावं हाय," ती म्हणाली. वांगं उलटलं आणि मग म्हणाली, "आन् तू खरं बोललीस. ऐकूनच कसं तरी झालं. आमी दोगी देवाच्या डोक्यावर बसून एकमेकींसंगं बोलतोया. त्यो बिचारा मधल्या मधी." हे बोलताना तिचे डोळे धुरानं चुरचुरत होते, किंवा ती तसं म्हणाली.

आई माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. मला ज्याचं भय होतं ते थोडंफार झालंच. माझी ट्रंक तिनं भरली, लुगड्यांच्या घड्या तीनतीनदा मोडून घातल्या, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

निघायच्या दिवशी मोटार वस्तीसमोर थांबली. बारामतीपर्यंत मोटार, पुढं छोट्या रुळांच्या आगगाडीनं दौंड, तिथून पुणं. ड्रायव्हर अर्थातच तोच. मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. तो खाली उतरला, माझी ट्रंक टपावर चढवली आणि हळूच म्हणाला, "बरं झालं तुमीच न्हाय म्हनला. मला बी कुटं करायचं व्हतं? पर आत्याला सांगायची छाती न्हवती." वर जाऊन बसला आणि नेहमीपेक्षा जोरात हॉर्न वाजवू लागला.

काकी तिच्या दारातून आली. हातात फडक्यात बांधलेली उकडलेली अंडी. ती माझ्या ओटीत घालायला वाकली, तर पलीकडं आई उभी. इतकी जवळ त्या दोघी देवळाबाहेर कितीतरी दिवसांत आल्या नव्हत्या. बुधवार नव्हता, पाळक नव्हते. काकीनं फडक्याची गाठ उगीचच पुन्हा बांधली. आईनं पदर सारखा केला. मला वाटलं, आता ही 'हे प्रभू' म्हणून सुरू करणार.

"कोंबडी तुजी हाय ते मला तवाच कळलं व्हतं," आई म्हणाली. "टोपलीखाली हात घातला तवाच. माजी हडकुळी व्हती, म्हून तुजी उचलली."

हॉर्न वाजतच होता. काकीनं आईकडं बघितलं आणि आईनं काकीकडं.

"आमेन," काकी म्हणाली.

दोघींचे डोळे उघडे होते.